जिंकल्यावर उचललेला हात

गेल्या श्रावणात आमच्या शाळेच्या आवारात तालुक्यातील शाळांच्या कुस्त्या झाल्या. सीमाभागातील आमचा हा मुलूख कुस्तीवेडा. हलगी कडाडू लागली की शेतातील माणूस औत सोडून हौद्याकडे धावतो, मग शाळेतल्या पोरांची काय कथा! शेवटच्या जोडीत आमच्या शाळेच्या मुलाने ढाक लावून प्रतिस्पर्ध्याला चितपट केले आणि क्षणार्धात शे-दीडशे मुले हौद्यात उतरली. विजयी मल्ल खांद्यावर चढला, गुलाल उधळला गेला, शिट्ट्या झाल्या. त्या गर्दीत पराभूत मुलगा मातीत तसाच पडून राहिला होता. त्याच्या हातावर कोणाचा तरी पाय पडला. तो उठला, डोळ्यांतील माती पुसली आणि एकटाच कडेला जाऊन कपडे घालू लागला. त्याच्या शाळेचे शिक्षक त्याच्याजवळ पोचले तेव्हा आम्हीही तेथे गेलो. पण त्या मुलाने आमच्याकडे मान वर करून पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेनंतर आम्ही मुलांना रागावलो नाही. आम्ही त्यांना एका डच पैलवानाची गोष्ट सांगितली. सहा फूट सहा इंच उंचीच्या त्या मनुष्याने आयुष्यातील सर्वांत मोठा विजय मिळविल्यानंतर पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर एक हात वर करून धावत येणाऱ्या आपल्याच देशबांधवांना त्याने थोपविले. त्याचे नाव अँटन गेसिंक. (त्यांच्या भाषेत या नावातील पहिल्या अक्षराचा उच्चार आपल्या ‘ख’च्या जवळ जातो, परंतु आपल्याकडे रूढ झालेले रूपच आम्ही येथे वापरतो.) गोष्ट सांगून झाली, मुले वर्गात गेली, पण आमच्या मनातून ती गेली नाही. कारण गेसिंक यांच्या चरित्राचा उत्तरार्ध आम्ही मुलांना सांगितला नव्हता. तो मोठ्या माणसांनी ऐकण्याचा आहे. म्हणून हा लेख.

उत्रेख्तचा बांधकाम मजूर

गेसिंक यांचा जन्म ६ एप्रिल १९३४ रोजी हॉलंडमधील उत्रेख्त या शहरी झाला. घरची गरिबी होती. मूल सहा वर्षांचे असताना, १९४० च्या मे महिन्यात जर्मन फौजांनी देश व्यापला. १९४४-४५ चा हिवाळा पश्चिम हॉलंडच्या इतिहासात ‘भुकेचा हिवाळा’ म्हणून नोंदला गेला आहे. अन्नाअभावी तेव्हा हजारो माणसे मरण पावली. त्या काळात वाढलेल्या मुलाच्या अंगात पुढे एवढी शक्ती कोठून आली, हा प्रश्न आपल्याला पडावा. शाळा लवकर सुटली आणि हा मुलगा बांधकामावर मजुरीला जाऊ लागला. विटा, वाळू आणि सिमेंटची पोती हीच त्याची पहिली जोरबैठक.

किशोरवयात त्याने ज्यूदो पाहिला आणि तो त्याच्यात रमला. १९५१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, युरोपीय स्पर्धेत तो दुसरा आला आणि पुढच्याच वर्षी त्याने पहिले युरोपीय अजिंक्यपद मिळविले. १९६७ पर्यंत अशी एकवीस अजिंक्यपदे त्याच्या नावावर जमा झाली. ज्यूदोच्या जोडीला तो ग्रीको-रोमन पद्धतीची कुस्तीही लढे. या पद्धतीत कमरेखाली धरण्यास बंदी असते. म्हणजे आपला पट काढणे तेथे नाही. सारा खेळ छाती, खांदे आणि बाहू यांचा. त्या कुस्तीतही तो आपल्या देशाचा अजिंक्यवीर ठरला.

१९६० साली रोम ऑलिंपिकला कुस्तीगीर म्हणून जाण्याची त्याची उमेद होती. ज्यूदोचा समावेश तेव्हा ऑलिंपिकमध्ये झालेला नव्हता, त्यामुळे कुस्ती हाच एक दरवाजा उघडा होता. परंतु ज्यूदो शिकवून तो पोट भरतो, तेव्हा तो हौशी खेळाडू नव्हे, व्यावसायिक होय, असे ठरले आणि तो दरवाजाही बंद झाला. ज्याच्या घरी पिढीजात पैसा आहे त्याने हौस म्हणून खेळावे आणि ज्याला पोटासाठी शिकवावे लागते त्याने बाहेर उभे राहावे, असा त्या नियमाचा व्यवहारातील अर्थ होता. ज्या संस्थेच्या नियमाने त्याला त्या वर्षी बाहेर ठेवले, त्याच संस्थेत सत्तावीस वर्षांनी तो सभासद म्हणून बसला, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

एका मुख्याध्यापकाची विद्या

ज्यूदो म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितल्याशिवाय पुढच्या घटनेचे मोल कळावयाचे नाही. ही विद्या जपानमधील जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्यो येथील एका बौद्ध मंदिराच्या जागेत सुरू केली. तिच्या शाळेला ‘कोदोकान’ म्हणतात. जुन्या जुजुत्सू विद्येतील प्राणघातक भाग वगळून आणि उरलेल्याला शिस्त व नीती यांची जोड देऊन कानो यांनी ती घडविली. आम्हांस विशेष अगत्य वाटते ते याचे की, कानो हे व्यवसायाने शिक्षक होते. तोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. १९०९ साली ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सभासद झाले. या समितीवर बसलेले ते पहिले आशियाई गृहस्थ. १९३८ साली कैरो येथील समितीची बैठक आटोपून परतत असताना जहाजावरच त्यांचे देहावसान झाले.

कानो स्वतः ठेंगणे होते. शक्तीचा सर्वोत्तम उपयोग आणि परस्परांचे कल्याण ही दोन सूत्रे त्यांनी शिष्यांना दिली. आपल्या कुस्तीशी तुलना करावयाची तर, आपला मल्ल लंगोटावर मातीत उतरतो आणि उघड्या अंगाला भिडतो. ज्यूदोवाला जाड सुती डगला घालून चटईवर उभा राहतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या डगल्याची बाही व गळपट्टी धरून त्याचा तोल मोडतो. आपल्या धोबीपछाडीचे सख्खे भावंड त्यांच्याकडे आहे. पाठ जोरात टेकवून पाडले की डाव संपतो. किंवा खाली दाबून ठरावीक वेळ, त्या काळी तीस सेकंद, धरून ठेवले तरी पूर्ण गुण मिळतो. सुरुवातीस आणि शेवटी एकमेकांना वाकून नमस्कार करावाच लागतो. आपल्याकडे हौद्यात उतरताना माती कपाळाला लावतात, त्यातलाच हा भाव.

‘युक्तीपुढे शक्तीचे चालत नाही’ हा ज्यूदोचा डिंडिम. जपानी माणसाची त्यावर श्रद्धा होती. १९५६ साली पहिली जागतिक स्पर्धा भरली. तेव्हा वजनी गट नव्हते. लहान-मोठे सारे एकाच चटईवर. १९५६ आणि १९५८ या दोन्ही वर्षी जपानीच जिंकले. गेसिंक १९५६ साली तिसरे आले. परंतु हरून परतलेला हा धिप्पाड तरुण उगाच बसला नाही. हाकू मिचिगामी या युरोपात शिकविणाऱ्या जपानी वस्तादांच्या हाताखाली तो शिकला. इतकेच नव्हे, जपानमध्ये जाऊन तेनरी विद्यापीठातील आखाड्यात यासुइची मात्सुमोतो यांच्याजवळ राहून त्याने मेहनत केली. ज्यांना हरवावयाचे त्यांच्याच घरी जाऊन, त्यांच्याच गुरूपुढे मान लववून विद्या घ्यावयाची, आणि त्या गुरूने ती हात न आखडता द्यावयाची! शत्रूच्या गोटात संजीवनी शिकावयास गेलेल्या कचाची आठवण व्हावी असा हा प्रकार. मात्र येथे शापाबिपाचे कारण पडले नाही. तेनरीच्या गुरुजनांनी त्याला मनापासून शिकविले.

१९६१ च्या डिसेंबरात पॅरिस येथे तिसरी जागतिक स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात गेसिंक यांनी जगज्जेते कोजी सोने यांना दाबून धरून हरविले. जपानबाहेर गेलेले हे पहिले जागतिक अजिंक्यपद. जपानमध्ये खळबळ उडाली, पण पुष्कळांनी मनाची समजूत घातली, की परदेशात एखादा दिवस वाईट निघतो; घरच्या अंगणात पाहून घेऊ. घरचे अंगण लौकरच सजणार होते.

२३ ऑक्टोबर १९६४

ही तारीख आमच्या घरात आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण निराळ्या कारणाने. त्या दिवशी तोक्यो ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला एक विरुद्ध शून्य असे हरवून सुवर्णपदक परत मिळविले. १९६० साली ते आपण रोममध्ये गमावले होते. आमचे वडील शेजारच्या वाड्यातील रेडिओपाशी कसे कान देऊन बसले होते, आणि मोहिंदर लाल यांचा गोल झाल्याचे कळताच म्हाताऱ्यांनीही कसे साखर वाटण्यास सांगितले, हे त्यांनी आम्हांला कितीदा सांगितले असेल! त्याच दिवशी, त्याच शहरात, दुसऱ्या एका छपराखाली एक राष्ट्र रडत होते हे मात्र आम्हांला पुष्कळ वर्षांनी पुस्तकांतून कळले.

यजमान या नात्याने जपानने ज्यूदोला ऑलिंपिकमध्ये प्रथमच स्थान मिळवून दिले होते. त्यासाठी तोक्योमध्ये निप्पॉन बुदोकान हे अष्टकोनी भव्य सभागृह उभारले होते. चार गट होते: हलका, मधला, वजनदार आणि खुला. पहिले तीन गट नाकातानी, ओकानो आणि इनोकुमा या जपानी वीरांनी जिंकले. परंतु खरा मान चौथ्याचा. खुल्या गटात वजनाची अट नाही, म्हणजे कानोंच्या शिकवणीची कसोटी तेथेच लागणार. जपानने त्यासाठी अकिओ कामिनागा यांना निवडले. कामिनागा हे अत्यंत कसलेले आणि सज्जन खेळाडू होते. त्यांच्या डोक्यावर कोणता भार ठेवला गेला असेल याची कल्पना, ज्याने गावच्या जत्रेत शेवटची कुस्ती लढली आहे त्यालाच येईल.

प्राथमिक फेरीतही दोघांची गाठ पडली होती आणि पंचांच्या निकालाने गेसिंक सरस ठरले होते. पराभूतांना मिळणाऱ्या फेरसंधीतून कामिनागा पुन्हा वर आले आणि अंतिम सामन्यात तेच समोर उभे राहिले. सामना दहा मिनिटांचा. बराच वेळ कोणी कोणाला दाद देईना. नऊ मिनिटे होत आली तेव्हा कामिनागा यांनी डाव टाकला, तो साधला नाही, आणि त्या चुकलेल्या क्षणाचा फायदा घेऊन गेसिंक यांनी त्यांना खाली घेऊन जी पकड घातली, तिचे नाव ‘केसा-गातामे’.

भाषेच्या विद्यार्थ्याला या नावापाशी थांबल्याशिवाय राहवत नाही. ‘केसा’ म्हणजे जपानी बौद्ध भिक्षूचे एका खांद्यावरून तिरके घेतलेले वस्त्र. आणि हा शब्द आपल्या ‘काषाय’ शब्दाचेच चीनमार्गे गेलेले रूप आहे. भिक्षूच्या काषाय वस्त्राप्रमाणे प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर तिरके आडवे पडून, एका हाताने मान आणि दुसऱ्याने दंड वेढून धरणे म्हणजे केसा-गातामे. या भूमीतून निघालेला एक शब्द हजारो मैल फिरून त्या दिवशी बुदोकानच्या चटईवर एका डच मजुराच्या बाहूंत वसला होता.

कामिनागा धडपडले. पाय झाडले, पूल करून पाहिला. गेसिंक यांचे वजन हलले नाही. तीस सेकंद झाले. सामन्याच्या घड्याळात नऊ मिनिटे बावीस सेकंदांची नोंद झाली. सभागृहात एकदम शांतता पसरली.

आणि येथेच ती गोष्ट घडली. आनंदाने बेभान झालेले डच लोक चटईकडे धावले. गेसिंक अजून पुरते उठलेही नव्हते. त्यांनी प्रतिस्पर्ध्यावरून नजर काढून त्या धावणाऱ्यांकडे वळविली आणि हात उंचावून त्यांना जागच्या जागी थांबविले. कोणी चटईवर येऊ नये. अजून नमस्कार व्हावयाचा आहे. कामिनागा उठले, आपला डगला त्यांनी नीट केला, दोघे आपापल्या जागी उभे राहिले आणि वाकले. मग जे काय व्हावयाचे ते झाले.

त्या एका हाताने जपानी मनावरील जखमेवर फुंकर घातली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. प्रेक्षकांत अनेकजण रडत होते. परंतु ज्याने आपल्याला हरविले तो आपल्या विद्येचा अपमान करणारा परका नसून तिचा खरा शिष्य आहे, हे त्यांना दिसले. पुढे जपानमध्ये गेसिंक यांना आयुष्यभर जो मान मिळाला, त्याचे मूळ सुवर्णपदकाइतकेच या कृतीतही आहे. त्याच संध्याकाळी जपानच्या मुलींनी व्हॉलीबॉलच्या अंतिम सामन्यात रशियाला हरवून देशाचे अश्रू काहीसे पुसले, हेही सांगितले पाहिजे.

जाणकार आणखी एक गोष्ट सांगतात. चारही पदके जपानने घेतली असती तर ज्यूदो हा एका देशाचा घरगुती खेळ ठरला असता. १९६८ साली मेक्सिकोत तो ऑलिंपिकमधून वगळला गेलाच. पण १९७२ मध्ये म्यूनिकला परतला तो कायमचा. त्या वर्षी वजनदार आणि खुला अशी दोन्ही सुवर्णपदके विम रुस्का या दुसऱ्या डच वीराने नेली. आपली विद्या जगाची व्हावी ही कानो यांची इच्छा होती. ती त्यांच्या देशाच्या पराभवातून पुरी व्हावी, ही नियतीची गंमत.

चटईवरून खुर्चीकडे

१९६५ साली रिओ द जानेरो येथे गेसिंक पुन्हा जगज्जेते झाले. १९६७ नंतर त्यांनी स्पर्धा सोडल्या. मधल्या काळात एका इटालियन चित्रपटात त्यांनी बायबलातील महाबली सॅमसनची भूमिकाही केली. १९७३ ते १९७८ या काळात ते जपानमध्ये धंदेवाईक कुस्तीच्या रिंगणात उतरले. ही कुस्ती म्हणजे खेळापेक्षा तमाशा अधिक. आपल्याकडे नूर कुस्ती ठरवून करणाऱ्या मल्लाकडे लोक कसे पाहतात हे वाचकांना माहीत आहे. काहींनी नाके मुरडली. आम्ही मुरडीत नाही. पदकाने चूल पेटत नाही, आणि ज्याला १९६० साली ‘तू पैसे घेतोस’ म्हणून बाहेर ठेवले, त्याने पुढे उघडपणे पैसे घेतले तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

१९८७ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सभासद झाले. कानो बसत त्याच मंडळात आता गेसिंक बसू लागले आणि अखेरपर्यंत, म्हणजे तेवीस वर्षे, ते तेथे राहिले. ज्यूदोच्या कारभारात त्यांनी जो सर्वांत मोठा बदल सुचविला तो रंगाचा. पूर्वी दोन्ही खेळाडू पांढऱ्या डगल्यात असत. एकाच्या कमरेला लाल आणि दुसऱ्याच्या कमरेला पांढरा पट्टा एवढाच फरक. चटईवर गुंता झाला की कोणता पाय कोणाचा, हे पंचालाही कळेना, मग दूरचित्रवाणीसमोर बसलेल्याची काय कथा? १९८६ साली मास्ट्रिख्त येथील सभेत गेसिंक यांनी सुचविले की, एकाचा डगला निळा असावा.

जपानमध्ये या सूचनेला कडवा विरोध झाला. पांढरा रंग म्हणजे शुचिता, निर्मळ मनाची खूण. त्याला निळीत बुडविणे म्हणजे देवघरात जोडे घालून जाणे, अशी तेथील भावना. वाद दहा-अकरा वर्षे चालला. अखेर १९९७ साली आंतरराष्ट्रीय महासंघाने निळा डगला स्वीकारला आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून आपण सारे एक पांढरा आणि एक निळा असेच ज्यूदोचे सामने पाहत आलो आहोत. १९९७ सालीच महासंघाने गेसिंक यांना दहावा ‘दान’ दिला. ही पदवी मिळालेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी. ज्याने नमस्काराची रीत मोडू दिली नाही, त्यानेच पोशाखाची रीत मोडली. रीतीचा प्राण कोणता आणि कवच कोणते, हे त्याला कळत होते असे आम्ही म्हणू. जपानमधील जुनी मंडळी मात्र अजूनही हे मान्य करणार नाहीत आणि त्यांच्या बाजूलाही काही तथ्य आहे.

आता तो भाग, जो आम्ही मुलांना सांगितला नाही.

२००२ च्या हिवाळी ऑलिंपिकचे यजमानपद अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी या शहराने मिळविले होते. ते मिळविताना समितीच्या सभासदांना पैसा, भेटवस्तू, मुलांच्या शिक्षणाचा खर्च असे नाना परींचे नजराणे पोचविले गेल्याचे १९९८ च्या अखेरीस उघडकीस आले. चौकशी झाली. मार्च १९९९ मध्ये सहा सभासदांची हकालपट्टी करण्यात आली; आणखी काहींनी आधीच राजीनामे दिले होते. या चौकशीत गेसिंक यांचेही नाव आले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या प्रतिष्ठानाकडे त्या शहराच्या बाजूने पाच हजार डॉलरची रक्कम गेली होती. त्यांना काढले गेले नाही. ताकीद देण्यात आली. इतरांच्या घबाडापुढे ही रक्कम क्षुल्लक होती आणि ती प्रतिष्ठानाकडे गेली होती, हे खरे. परंतु ज्याचे मत हवे आहे त्याच्या दारात पैसा गेला की देणाऱ्याघेणाऱ्यांच्या मनात काय होते हा प्रश्न दुय्यम ठरतो. पाहणाऱ्याच्या मनात किंतु आला तो आलाच. ताकीद दिली गेली ती याचसाठी.

बुदोकानमध्ये तो हात वेळेवर उठला. येथे तो उठावयास हवा होता, उठला नाही. चटईवर धावत येणारे लोक डोळ्यांना दिसतात. खुर्चीकडे येणारी माणसे हसतमुखाने, हार घेऊन, हळू पावलांनी येतात; त्यांना थांबविणे अधिक कठीण.

आमचा फेटा

हे आम्ही कोणत्या अधिकाराने लिहितो? वाचकहो, अधिकाराने नाही, अनुभवाने लिहितो.

वीसएक वर्षांपूर्वी आम्ही सहशिक्षक होतो आणि शालेय कुस्तीच्या निवड समितीवर आमची नेमणूक झाली होती. निवडीच्या आठवडाभर आधी एका तालमीच्या आश्रयदात्या गृहस्थांनी आम्हांला घरी सत्यनारायणाच्या प्रसादास बोलाविले. आम्ही गेलो. प्रसाद झाल्यावर त्यांनी चारचौघांत आमच्या डोक्यास जरीकाठी फेटा बांधला, हातात श्रीफळ दिले. गुरुजनांचा सत्कार करण्याची आपल्याकडे रीतच आहे. नाही म्हणणे उद्धटपणाचे वाटले. त्या गृहस्थांचा पुतण्या निवडीला उतरणार होता, हे आम्हांस ठाऊक होते.

निवडीच्या दिवशी त्या पुतण्याची आणि एका शेतमजुराच्या मुलाची लढत बरोबरीत सुटली. निर्णय समितीकडे आला. आम्ही पुतण्याच्या बाजूने मत दिले. तो अधिक आक्रमक लढला होता, असे आम्हांस तेव्हा वाटले आणि आजही वाटते. फेट्याचा विचार त्या वेळी आमच्या मनात आला नव्हता, हे आम्ही शपथेवर सांगू.

पुढच्या बाजारच्या दिवशी त्या शेतमजुराची गाठ पडली. आम्ही काही बोलण्यापूर्वी तो हात जोडून म्हणाला, “गुरुजी, फेटा बेस शोभला बघा तुमास्नी.” एवढेच बोलून तो गर्दीत मिसळून गेला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर आम्ही उत्तर दिले असते. त्याचा मुलगा त्यानंतर तालमीत दिसला नाही. तो फेटा आमच्या ट्रंकेत तसाच आहे. तो पुन्हा डोक्याला बांधण्याचे धैर्य आम्हांला झालेले नाही. त्या दिवसापासून कोणत्याही निवड समितीवर असताना आम्ही कोणाच्या घरचा चहाही घेत नाही. लोक तिरसट म्हणतात, म्हणोत.

म्हणून गेसिंक यांच्या ताकिदीचा प्रसंग वाचला तेव्हा आम्हांला त्यांचा तिटकारा आला नाही. आपल्याच गोत्राचा माणूस भेटल्यासारखे वाटले.

खुर्ची कोणाला?

एवढे होऊनही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. खेळाडूला कारभाराच्या खुर्चीत बसविण्यात त्या देशाने चूक केली नाही. निळ्या डगल्याची गरज कोणाला कळली? ज्याने चटईवर घाम गाळला होता त्याला. आपल्याकडे काय झाले ते आठवा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. पदक आले, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि मग? खाशाबा पोलीस खात्यात नोकरीस लागले, तेथून निवृत्त झाले आणि १९८४ साली रस्त्यावरील अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. देशाच्या कुस्तीचा कारभार ठरविणाऱ्या मोठ्या खुर्चीवर त्यांना बसविल्याचे आम्ही ऐकले नाही. आम्हां मराठी माणसांना त्यांच्या मिरवणुकीचा अभिमान आहे. रिकाम्या खुर्चीची खंत मात्र फारशी कोणी बोलून दाखवीत नाही.

गेसिंक २७ ऑगस्ट २०१० रोजी उत्रेख्त येथेच वारले. वय शहात्तर. ज्या रस्त्यावर ते राहत, त्याला त्यांच्या हयातीतच त्यांचे नाव देण्यात आले होते. त्यांनी ज्यांना हरविले ते कामिनागा त्यांच्या आधी, १९९३ साली गेले. पराभवानंतर तेही ज्यूदो सोडून गेले नाहीत; १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकच्या वेळी जपानी संघाची धुरा त्यांच्याकडे होती.

यंदाच्या श्रावणात कुस्त्या पुन्हा आमच्याच आवारात भरल्या. हौद्याभोवती आम्ही दोरी बांधून घेतली नाही, शिपाईही उभे केले नाहीत. शेवटची कुस्ती लागली. या वेळी आमचा मुलगा हरला. समोरच्या शाळेची मुले आरडाओरडा करीत उठली, तोच हौद्याच्या कडेला उभा असलेला आमचा गेल्या वर्षीचा विजेता पुढे झाला आणि त्याने हात वर केला. काहीजण थांबले, काही थांबले नाहीत. तेवढ्या अवधीत खाली पडलेला मुलगा उठला, त्याने अंगावरची माती झाडली आणि विजेत्याशी हात मिळविला.

संध्याकाळी घरी आल्यावर आम्ही ट्रंक उघडून तो फेटा बाहेर काढला. जरीचा काठ काळवंडला आहे. त्या शेतमजुराचे गाव आमच्या गावापासून तीन कोसांवर आहे. त्याच्याकडे जाऊन यावे असे वीस वर्षे मनात आहे. दिवाळीची सुटी लागली की जाणार आहोत.